वाटा मोकळ्या होण्याचे दिवस

पाऊस परतलेला असतो, दिवाळी होऊन गेलेली असते आणि थंडीला अजून धार आलेली नसते. कार्तिकातल्या या चार-पाच आठवड्यांत पुणेकर घरात का टिकत नाही, याची कारणं आभाळात आहेत, पंचांगात आहेत आणि शेतातही आहेत.

दिवाळीची पहिली आंघोळ कुडकुडत करायची असते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुण्यात ते दरवर्षी खरं ठरत नाही. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला आलं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सण दरवर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम लांब जातात. २०२३ला अधिक श्रावण होता, म्हणून दिवाळी उशिरा आली. ऑक्टोबरातल्या दिवाळीत उटणं लावतानाच घाम फुटतो. नोव्हेंबरातल्या दिवाळीत गरम पाण्याच्या बादलीपासून उठवत नाही. पंचांगातली दिवाळी आणि पुण्याची थंडी दोघी आपापल्या चालीने येतात. त्यांची गाठ पडली की कपाटातला स्वेटर वेळेवर बाहेर निघतो, एवढंच.

आभाळ रिकामं झालं की

नैऋत्य मोसमी वारे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुण्यातून माघार घेतात. आभाळ स्वच्छ होतं, ऊन थेट येतं, पण जमीन अजून ओली असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ऑक्टोबर हीट. पुढे वारा फिरतो. जमिनीवरून, ईशान्येकडून येणारी कोरडी हवा सुरू होते आणि नोव्हेंबर उजाडता उजाडता शहराचा स्वभावच बदलतो. दुपारी पारा तीसच्या आसपास आणि पहाटे पंधराच्या आसपास, म्हणजे एकाच दिवसात पंधरा अंशांचा फरक. मुंबईत असं होत नाही, कारण तिथे समुद्र रात्रीही हवा उबदार ठेवतो. पुणे सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. रात्री ढगांचं पांघरूण नसलं की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता सरळ आकाशाला देऊन टाकते.

याच दिवसांत घराघरांत एक वाद रंगतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो आणि मगरपट्ट्यात राहणारा भाचा म्हणतो, ‘काहीतरीच! आमच्याकडे पंखा चालू आहे.’ दोघांचंही बरोबर असतं. पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथला किमान पारा आणि मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कचा पारा यांत काही पहाटे पाच-सहा अंशांचा फरक पडतो. सिमेंट, डांबर आणि उंच इमारती दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतात. मोकळी जमीन आणि झाडी ती लवकर सोडते. शिवाय थंड हवा जड असते, ती सखल भागात उतरते. म्हणून लवळ्याच्या टेकडीवरचं केंद्र अनेकदा खालच्या पाषाणपेक्षा उबदार असतं. ‘वर गेलं की गार’ हा आपला दिवसाचा नियम वारा पडलेल्या थंड पहाटे उलटा होतो.

हे सगळं मोजणाऱ्या कार्यालयाचं पुण्याशी जुनं नातं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हे नाव चिकटलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं. नाव आणि बसथांबा इथेच राहिले.

चातुर्मास सुटला की

आभाळ उघडण्याचा आणि माणसं बाहेर पडण्याचा संबंध आपल्या पंचांगाने फार पूर्वीच जोडून ठेवला आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात. मधले चार महिने चातुर्मास. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यात एक व्यवहार दिसतो. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, शेतात कामाची घाई. अशा दिवसांत माणसाने एका जागी थांबावं. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास यांमागेही तीच पावसाळ्याची अडचण आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजांच्या मोहिमा सुरू व्हायच्या, त्याही वाटा सुकल्यावरच.

याची जिवंत खूण आजही पुण्यात दिसते. कार्तिक पौर्णिमा झाली की जैन साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. भल्या पहाटे कात्रजच्या बाजूला गेलात तर पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वींचा लहानसा समूह अनवाणी, झपझप चालत सातारा रस्त्याने निघालेला दिसू शकतो. शेजारून बंगळूरकडे जाणारे ट्रक धावत असतात. महामार्ग बारमाही झाला, पण चालणाऱ्यांचं वेळापत्रक अजून पावसाचंच आहे.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, त्यालाही हाच हिशेब. खरिपाचं पीक घरात आलेलं असतं, हाताशी पैसा असतो आणि वऱ्हाडाच्या गाड्या चिखलात रुतत नाहीत. कार्तिक वद्य एकादशीला वारकरी आळंदीत जमतात आणि त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांचा संजीवन समाधी सोहळा होतो. ही समाधी १२९६ सालची. आषाढीला आळंदीहून पंढरपूरला पालखी जाते, तर या सोहळ्यासाठी पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी आळंदीला येते. आषाढी पावसात चालायची वारी. कार्तिकीला मात्र इंद्रायणीकाठच्या राहुट्यांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात.

याच महिन्यातली एक रीत शहरात जवळजवळ विसरली गेली आहे, ती म्हणजे आवळीभोजन. आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि तिच्याच सावलीत नातेवाईक, शेजारी, मैत्रिणी असं सगळ्यांनी जेवायचं. डबे, सतरंज्या, पाण्याच्या कळश्या घेऊन बायका-मुलं बागेत किंवा मळ्यात जात. घराबाहेर पडायला एरवी शंभर परवानग्या लागणाऱ्या सुनांना त्या दिवशी धर्माचाच आधार असे. सहल हा शब्द शाळेच्या परिपत्रकात यायच्या कितीतरी आधी ही सहलच होती.

शहर जातं, शहर येतं

दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन रात्री स्वारगेट, वाकडेवाडी आणि संगमवाडीला उभं राहिलं की पुणे कुणाकुणाचं आहे ते कळतं. लातूर, नांदेड, जळगाव, अमरावती अशा पाट्यांखाली पाठीवर सॅक आणि हातात मिठाईचा पुडा घेतलेली मुलं असतात. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यालाच आली होती. तो ओघ अजून आटलेला नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिका ओस पडतात, मेसवाल्या काकू दाराला कुलूप लावून स्वतःच्या गावी जातात आणि चार दिवस चहासुद्धा शोधत फिरावं लागतं. परीक्षा तोंडावर असलेली मुलं मात्र मागे राहतात. त्यांना कुणा मित्राच्या घरी अभ्यंगस्नानाचं बोलावणं असतं. ते नसलं तरी इमारतीतल्या एखाद्या घरातून फराळाचं ताट येतं.

ही मुलं परतली की खरी मजा. कॉट बेसिसच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं जातं आणि त्यावर डबे उघडतात. नाशिकच्या मुलाचा तिखट चिवडा, सोलापूरच्या मुलाच्या शेंगाच्या पोळ्या, नगरच्या मावशीच्या भाजणीच्या चकल्या, कुणाच्या तरी आजीचे किंचित कडक झालेले अनारसे. चिवड्यात खोबऱ्याचे काप हवेत की नकोत, यावर राज्यशास्त्राच्या पेपरपेक्षा जास्त चर्चा होते. तीन दिवसांत डबे रिकामे होतात. मागे उरतो तो पिशवीच्या तळाशी शंकरपाळ्यांचा चुरा, तोही चहात जातो.

फराळाचा दुसरा ओघ विमानाने जातो. मुलगी न्यू जर्सीत किंवा मुलगा म्युनिकमध्ये असलेल्या घरांत लाडू दोन-तीन आठवडे आधीच वळले जातात. करंज्या प्रवासात फुटतात म्हणून त्यांचा आग्रह सोडला जातो, चकल्या एकेका थराला कागद घालून भरल्या जातात आणि कुरिअरच्या काट्यावर शेवटी अर्धा किलो चिवडा बाहेर काढायची वेळ येते. त्या घरात दिवाळीचा पहिला वास येतो, तेव्हा बाहेर अजून नवरात्र सुरू असतं.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं. पूर्वी बहीण गावी असायची आणि भाऊ शहरातून जायचा. आता बहीण हिंजवडीत नोकरीला असते आणि भाऊ मावळातून किंवा भोरमधून येतो. येताना तो नवा तांदूळ आणतो, कारण भाताची कापणी याच सुमाराला होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी हा वाण आला आणि पुण्याच्या घरगुती जेवणात मुरला. नवा इंद्रायणी भात आसट होतो, फोडणीला रुसतो. पण गरम वरण, तूप आणि लिंबाबरोबर त्याला तोड नाही.

रविवारचा गड

सिंहगड पुणेकर वर्षभर चढतो, पण कार्तिकातला गड वेगळा. पावसात आतकरवाडीची पायवाट निसरडी आणि गड ढगात बुडालेला. उन्हाळ्यात नऊनंतर खडक तापतो. आता मात्र वाट कोरडी, गवत पिवळं पडू लागलेलं आणि हवा धुतलेली. शहरापेक्षा गड सातशे-साडेसातशे मीटरने उंच. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही आणि खडकवासल्याचं भरलेलं पाणी समोर. ‘आज किती मिनिटांत?’ हा प्रश्न चढणारे एकमेकांना श्वास लागलेल्या अवस्थेतही विचारतात. हवा पालटायला इथे येणं जुनंच आहे. लोकमान्य टिळकांचा बंगला गडावर आहे.

लांब जायचं तर भिगवण. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत पट्टकादंब, चक्रवाक अशी पाहुणी पाखरं उतरू लागतात. पाणी जसं ओसरतं तसा रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना उथळ चिखल मिळतो, म्हणून त्यांचे मोठे थवे पाहायचे तर आणखी महिनाभर थांबावं. हुरड्याचंही तसंच. ज्वारीचं कणीस डिसेंबरच्या मध्याशिवाय दुधात येत नाही. नोव्हेंबरात होते ती फक्त ‘यंदा कुणाच्या शेतावर?’ ही चौकशी.

पहाट जरा उशिरा

या सुरेख हवेला एक खोट आहे. वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर अशी उलटी रचना होते. भांड्यावर झाकण बसावं तसा वरचा थर खालचा धूर अडवतो. फटाक्यांचा, वाहनांचा, जाळलेल्या पाल्याचा धूर नदीकाठी आणि सखल पेठांमध्ये सूर्य वर येईपर्यंत तरंगत राहतो. तळजाई किंवा वेताळ टेकडीवरून पाहिलं तर शहरावरचा तो करडा पट्टा स्पष्ट दिसतो. ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही समजूत या दिवसांत तपासून घ्यावी. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी उजाडल्यावर, ऊन थोडं चढू देऊन फिरायला निघणं बरं. आणि बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ढग येतात, पारा चढतो, थंडी गायब होते. अशा आठवड्यात गडाचा बेत रद्द करून आत्याचं किंवा एखाद्या नातेवाइकाचं घर गाठावं.

तेही लवकर उरकलेलं बरं. मार्गशीर्ष लागला की लग्नाच्या तारखा रविवार खाऊ लागतात, डिसेंबरात परदेशातली मंडळी येतात आणि जो तो ‘जानेवारीत नक्की’ म्हणतो. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू निघतं आणि मग मुलांच्या परीक्षा. देव उठवून, वाटा सुकवून, धान्य घरात आणून कार्तिकाने आपलं काम केलेलं असतं. आत्याला फोन करणं तेवढं आपल्याकडे राहतं. फक्त तो दुपारी एक ते चारच्या दरम्यान करू नये.