जुन्या बंदुकीचे हुनर आणि बाजार

चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातील गाव नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार म्हणून आज ओळखले जाते. पर्यटक वाघ पाहायला येतात, तलाव पाहून परततात. एके काळी मात्र या जंगलपट्टीत मालगुजारांच्या घरी ठासणीची बंदूक असे. इकडे तिला 'भरमार' म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. 1970 साली नागझिरा अभयारण्य झाले, 1972 च्या कायद्याने शिकारीला आळा बसला आणि बंदूक खुंटीवरून माळ्यावर गेली.

माळ्यावरची ही वस्तू लोखंड म्हणून भंगारात घालावी, की ठेवा म्हणून जपावी? उत्तर द्यायचे तर आधी तिची कारागिरी ओळखली पाहिजे.

पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या दोन कडा जोडीत आणि नळी करीत. हा सांधा बाराच्या जोराने फाटे आणि नेम धरणाऱ्याचाच जीव जाई. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहा अकबराच्या कारखान्यातील नवी रीत नोंदवली आहे. पत्रा तिरका गुंडाळत न्यायचा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर चढवायचा आणि भट्टीत तापवून तो एकजीव करायचा. उस्ताद कबीर आणि हुसेन या बंदूकसाजांची नावेही त्याने दिली आहेत. व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे पुढेच आहे. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचे व तयार मालाचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, ठिकाण आणि तारीख कोरली जाई. मालाची इतकी चोख नोंद आजचे कितीजण ठेवतात?

लोखंड व पोलाद एकत्र पिळून केलेल्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. हा वरून दिलेला रंग नव्हे, ती नक्षी धातूच्या अंगातलीच असते. कोफ्तगरीचे काम वेगळे. पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा ओढून पृष्ठभाग खरबरीत करतात, त्यावर सोन्याचांदीची तार ठोकून बसवतात, तापवतात आणि अकीकाने घोटतात. हात जरा घसरला की वेल तुटलाच. टिपू सुलतानच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातल्या बंदुकांवर तर वाघाचे मुख आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे आढळतात. असद अमीनने घडवलेली त्यातली एक बंदूक 2015 साली लंडनच्या लिलावात सात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली.

हा आकडा वाचून माळ्याकडे धावू नये. खेड्यातल्या लोहाराने केलेल्या साध्या भरमारीला असा भाव येत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. हा 1972 चाच दुसरा कायदा. हत्यार कायद्याची (1959) सवलतही मोजकीच आहे. जुन्या घडणीचे किंवा मोडके हत्यार दुरुस्त करूनही चालू शकत नसेल तरच ते कायद्याबाहेर राहते. चालू शकणारी बंदूक आजोबांची असली तरी परवाना हवाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर वारशाने आलेली धरूनही एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात.

चोरखमाऱ्यासारख्या गावाला आणखी एक बंधन आहे. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नोंद करावी लागते आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणे हा गुन्हा आहे. बंदूक वारशाची आहे, ही सबब तिथे चालत नाही.

मग हे हुनर जगते कशावर? मुंगेरचे उदाहरण वाईट वाटावे असे आहे. मीर कासिमने तिथे कारखाना काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या बंदूकसाज घडले. पण परवान्याची कामे घटली आणि शहराचे नाव बेकायदा पिस्तुलांशी जोडले गेले. उदयपूरच्या शिकलगारांनी दुसरी वाट धरली. तीच तार, तोच अकीक, पण काम होते तलवारीच्या मुठीवर, खंजिरावर आणि शोभेच्या वस्तूंवर. त्या कोफ्तगरीला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बंदूक नसली तरी हाताला दाम मिळू शकतो, हे आमच्या तरुण कारागिरांनी उदयपूरला जाऊन पाहण्यासारखे आहे.

घरात जुनी बंदूक असेल तर प्रथम ती भरलेली समजावी. ठासणीच्या बंदुकीत दारू वर्षानुवर्षे राहते. ती स्वतः उघडू नये, नळीत गज घालू नये, विस्तवाजवळ नेऊ नये. परवान्याचे कागद शोधावेत. ते नसतील तर वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्यात कळवावे. आणि गंज काढायला काचकागद मुळीच वापरू नये. जौहर आणि कारागिराचे नाव त्यासरशी घासले जाते आणि वस्तूची निम्मी किंमत तिथेच संपते.