टनात विकायचं, घनमीटरमध्ये मोजायचं

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कवर उभं राहिलं की समुद्रात जहाजांची रांगच्या रांग दिसते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बंदरात जागा नाही म्हणून खोळंबली असतील. पण त्यातली कित्येक इंधन भरायला थांबलेली असतात. जहाजांना इंधन पुरवण्यात हे बंदर जगात पहिलं आहे.

या धंद्यातली गंमत म्हणजे इंधन विकतात टनावर, पण वर्षानुवर्षं मोजायचे आकारमानाने. बार्जच्या टाकीत टेप सोडून पातळी बघायची, तक्त्यावरून घनमीटर काढायचे आणि घनतेने गुणून टन. आपल्या शाळेतलंच सूत्र, आकारमान म्हणजे वस्तुमान भागिले घनता, फक्त उलटं फिरवलेलं.

सांगलीच्या माझ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, सूत्र पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?" त्याला हेच उदाहरण दिलं. इंधन १००० टन, घनता ९८० किलो प्रति घनमीटर. सरळ भागलंस तर येतात १.०२ घनमीटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी! हजार टन माल त्यात मावेल का? आधी टनाचे किलो कर, १० लाख. मग उत्तर १०२० घनमीटर. नाहीतर घनताच ०.९८ टन प्रति घनमीटर घे. (नुसतं ०.९८, एककाशिवाय, कोणी कोडमध्ये लिहिलं तर मी रिव्ह्यूमधून परत पाठवतो. टीममध्ये त्यावरून माझी थट्टा होते, होऊ दे.)

पण एकक जुळलं तरी काम संपत नाही. ती ९८० घनता १५ अंश सेल्सियसची. हे जड तेल पंप करता यावं म्हणून गरम ठेवतात. ५० अंशाला ते फुगतं, घनता साधारण ९५६ होते आणि तेच १००० टन सुमारे १०४६ घनमीटर भरतात. कोणी या १०४६ ला १५ अंशाच्या घनतेने गुणलं, की कागदावर २५ टन जास्तीचे! टनाला ५०० डॉलर धरले तरी साडेबारा हजार डॉलर.

शिवाय लबाडी होतीच. तेलात हवा सोडून फेस आणायचा, म्हणजे पातळी वर दिसते. या प्रकाराला इथे 'कॅपुचिनो' म्हणतात. अखेर १ जानेवारी २०१७ पासून सिंगापूरने जड इंधनासाठी मास फ्लो मीटर सक्तीचा केला. असं करणारं हे जगातलं पहिलं बंदर. या मीटरमध्ये थरथरत्या नळीतून तेल जातं, नळीला किती पीळ बसतो त्यावरून थेट वस्तुमान कळतं. टाकीची पातळी बघून घनतेने गुणायची भानगडच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न स्वयंपाकघरापर्यंत आला होता. खाद्यतेलाच्या पिशवीवर '१ लिटर' आणि बाजूला बारीक अक्षरात तापमान, काहींवर तर ६० अंश! जितकं तापमान जास्त, तितके लिटरमागचे ग्रॅम कमी. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढायला आणि आकारमानाबरोबर वजनही छापायला सांगितलं.

आईला फोनवर म्हटलं, पिशवीवरचे ग्रॅम बघून घे. ती म्हणाली, "अरे, आपण तर १५ किलोचा डबाच आणतो."