काचेचा तंतू आणि खाणीतला वायू



आम्ही कामगारांच्या सभांतून बोलणारी माणसे. प्रयोगशाळेत आमचे शिक्षण झालेले नाही. परंतु खाणीत उतरणाऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून, ते समजून घेणे आम्हांला भाग पडले.

कोळशाच्या खाणीत मिथेन वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेले की एक ठिणगी पुरते. २००६ साली धनबादजवळ भाटडीह येथील खाणीत स्फोट झाला आणि किमान ५० कामगार परत आले नाहीत.

हा वायू ओळखावा कसा? काचेचा केसासारखा बारीक तंतू घ्या. एका टोकाने सोडलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी होते; त्यांचा व हॉपकिन्स यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला.

आता प्रत्येक वायूची प्रकाशाची आवड वेगळी. मिथेन सुमारे १.६५ मायक्रॉन लांबीची, डोळ्यांना न दिसणारी लहर शोषून घेतो. लेसरने ती लहर तंतूतून खाली पाठवायची, जाळीच्या लहान पेटीतील हवेतून जाऊ द्यायची आणि परत वर आणायची. जितका प्रकाश घटला तितका वायू अधिक. मग धुळीने प्रकाश घटला तर? त्यासाठी लहरीची लांबी किंचित मागेपुढे करतात. धूळ साऱ्याच लहरींना सारखी अडवते, मिथेन फक्त आपलीच गिळतो. त्यावरून दोहोंतला फरक कळतो. लेसर आणि मोजणीचे यंत्र जमिनीवर राहते; खाली पेटीत वीज नाही, म्हणून त्या पेटीपासून ठिणगीचेही भय नाही.

परंतु एक जुनी गोष्ट विसरू नये. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला. दिवा आला तसे इंग्लंडातील मालकांनी पूर्वी धोक्याचे म्हणून सोडलेले थर खणायला माणसे उतरवली, आणि स्फोट चालूच राहिले.

म्हणून आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. यंत्राचा आकडा वर साहेबांना दिसतो तसा खाली कामगारालाही दिसावा. आणि मर्यादा ओलांडताच हत्यार ठेवून वर येण्याचा त्याला हक्क असावा, त्या दिवसाची मजुरी न कापता. मजुरी जाईल या भीतीने जो खालीच थांबतो, त्याला जगातले कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.