भुईगावातील वारसाहक्क : मृत्युपत्र, वारसनोंद आणि विक्री

भुईगाव हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. पश्चिम वसईच्या या पट्ट्यात ख्रिस्ती आणि हिंदू कुटुंबांच्या वाड्या शेजारी-शेजारी आहेत. मात्र मालकाच्या निधनानंतर त्यांची वाटणी दोन निरनिराळ्या कायद्यांनी होते.

वसईवरील पोर्तुगीज सत्ता १५३४ पासून १७३९ पर्यंत टिकली. ती चिमाजी आप्पांनी संपवल्यामुळे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात लागू झाली, वसईत नाही. गोव्यात अपत्यांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते. वसईचा ख्रिस्ती मालक मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार आपली सर्व मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो.

मृत्युपत्र नसल्यास हिस्से कायदा ठरवतो. ख्रिस्ती मृताच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असल्यास मालमत्तेच्या नऊ भागांपैकी पत्नीला तीन आणि प्रत्येक अपत्याला दोन भाग मिळतात. हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार याच चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा मिळतो. मृताची आई हयात असल्यास तीही समान वाटेकरी ठरते. मुलगा आणि मुलगी असा भेद दोन्हींत नाही.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक आहे. त्याचा खरेपणा न्यायालयाने प्रमाणित करणे म्हणजे प्रोबेट. भारतीय ख्रिस्ती लोकांना त्याच्या सक्तीतून २००२ मध्ये सूट मिळाली. महाराष्ट्रात हिंदूंसाठी ती मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीविषयीच्या मृत्युपत्रांपुरती उरली होती. २०२५ मध्ये १९२५ च्या अधिनियमातील सक्तीचे कलम २१३ वगळण्यात आले. वारसांत वाद असल्यास प्रोबेटचा उपयोग आजही मोठा आहे.

हक्क मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो, परंतु व्यवहारासाठी त्याची नोंद लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे. मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रावरून गाव नमुना ६-क मध्ये वारसनोंद होते. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर नावे सातबाऱ्यावर चढतात. ही नोंद मालकी निर्माण करत नाही. तरी खरेदीदार प्रथम तीच पाहतो.

संपूर्ण जमीन विकायची असल्यास सर्व वारसांची संमती लागते. ज्याला हिस्सा नको, त्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. परदेशस्थ वारसाला मुखत्यारपत्र देता येते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला वगळून केलेले खरेदीखत तिच्या हिश्श्यास बांधत नाही. अज्ञान वारसाच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ च्या अटी असतात. शेतजमीन बिगरशेतकऱ्यास देण्यावरही निर्बंध आहेत. या अटी पाहूनच खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे.

एका पिढीची वारसनोंद राहिली, की पुढील व्यवहारात दोन पिढ्यांचे वारस शोधावे लागतात आणि चार सह्यांच्या जागी वीस सह्या लागतात. म्हणून जमीन विकायची असो वा राखायची, प्रत्येक निधनानंतर ती नोंद मुदतीत करून घेणे हे वारसांचे पहिले कर्तव्य आहे.