खसखस, सिंहगड आणि सव्वादोन तासांची मैफल

भिंतीवरच्या सॉकेटकडे एकदा नीट बघा. तीन भोकं, शेजारी एक बटण. त्या भोकांच्या पलीकडे काय आहे? अख्खा देश! ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकतालात आली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी मोठी जनित्रं एकाच ठेक्यावर फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. ३० मे २०२४ रोजी या देशानं एका वेळी २,५०,००० मेगावॉट वीज ओढली. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. म्हणजे सव्वाशेहून जास्त कोयना, एकदम! आणि या सगळ्या राक्षसी पसाऱ्याच्या शेवटच्या टोकाला आपण काय लावून बसलोय? रेकॉर्ड प्लेअर.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. रेकॉर्डच्या खाचेतून सुई पळते आणि कार्ट्रिजमध्ये इवलीशी वीज तयार होते. डेनॉनची डीएल-१०३ घ्या, जुनी आणि नावाजलेली. तिच्यातून निघतात ०.३ मिलिव्होल्ट. भिंतीत आहेत २३० व्होल्ट. करा भागाकार. साडेसात लाख पटींहून जास्त! हा आकडा डोळ्यांना दिसत नाही ना? मग खसखशीचा एक दाणा घ्या, मिलिमीटरभर. पुण्यात जमिनीवर ठेवा आणि मान वर करून सिंहगडाकडे बघा. गड पुण्याच्या पातळीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. दाणा म्हणजे गाणं, गड म्हणजे भिंतीतली वीज. आणि आपला हट्ट असा, की गडाच्या सावलीत बसून दाण्याची कुजबुज ऐकू यावी!

पुढे ऐका. ही कुजबुज फोनो स्टेज हजार पटींनी वाढवतो, पॉवर अँप्लिफायर तिला आणखी वीस पट करतो. रुपयाचे झाले वीस हजार. पण या सावकाराला खरं नाणं आणि खोटं नाणं यांतला फरक कळत नाही. कार्ट्रिजच्या तारेत कणभर घरघर शिरली, की तिचेही वीस हजार! फ्रिजचा कॉम्प्रेसर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, शेजारच्यांचा मिक्सर, सगळे त्याच तारांमध्ये आपापली घाण सोडत असतात. तानपुरा लागतो, खोली शांत होते, गवई षड्ज लावायला श्वास घेतो, आणि स्पीकरमधून येतं 'टक्'. स्वयंपाकघरात फ्रिज चालू झालेला असतो.

इथे येतो आपला नायक. दिसायला अगदी ठोंब्या: एक लोखंडी पेटी, हजार व्हीएची असेल तर बारा-पंधरा किलोंची. नाव आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, मधे लोखंडी पत्र्यांचा गाभा. २३० व्होल्ट आत, २३० व्होल्टच बाहेर. मग केलं काय यानं? या दोन वेटोळ्यांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही! पहिल्यातली वीज चुंबकत्व होते, ते चुंबकत्व दुसऱ्यात पुन्हा वीज होतं. फॅरडेनं १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून दाखवलेली हीच करामत. वेटोळ्यांच्या मधे अर्थिंगला जोडलेला तांब्याचा पडदा असतो. दोन्ही तारांवरून एकदम चालून येणारा गोंगाट तिथे अडतो आणि जमिनीत जातो.

किती अडतो? उत्तम बनावटीच्या पेटीत १२० डेसिबल. म्हणजे दहा लाखांत एक! मुंबई–पुणे अंतर धरा दीडशे किलोमीटर. दहा लाखांनी भागा. उरते कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी! वीस फूट रुंद विहीर घ्या, तीस फूट पाण्यानं भरलेली. उरतं एक फुलपात्र. दहा लाख रुपये घेऊन बाजारात जा. परत येताना हातात एक रुपया.

अजून एक. पडदा कितीही चांगला असला, तरी दोन वेटोळ्यांमध्ये थोडी चोरवाट राहतेच. ती मोजतात कंडेन्सरच्या मापानं, आणि चांगल्या पेटीत ती ०.००५ पिकोफॅरडपर्यंत खाली आणलेली असते. छताच्या पंख्याचा तो काळा कंडेन्सर आठवतोय? अडीच मायक्रोफॅरडचा. त्याच्या तुलनेत ही चोरवाट किती अरुंद? पन्नास कोटी पटींनी!

एवढं लक्षात ठेवा: व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर ते काम स्टॅबिलायझरचं, या पेटीचं नाही. आणि अर्थिंगची तार कधीही काढायची नाही.

आता रेकॉर्ड लावा आणि त्या पेटीवर तळहात टेका. बारीक थरथर जाणवते? गाभ्यातलं चुंबक उलटंपालटं होतंय, सेकंदाला शंभर वेळा. डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला पोचेपर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा! ताकद तरी किती? गाभ्यातलं क्षेत्र साधारण एक टेस्ला, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पंचवीस हजार पट. पृथ्वीचं चुंबक उलटायला मात्र युगं लागतात. ते शेवटचं पुरतं उलटलं त्याला सुमारे ७ लाख ८० हजार वर्षं झाली. तेवढी वर्षं, आणि वर्षाला एक पलटी अशी मोजली, तर ही पेटी ती सगळी किती वेळात उरकेल?

दोन तास दहा मिनिटांत. बडा ख्याल, द्रुत, एखादी ठुमरी, शेवटी भैरवी. तेवढ्यात वर्षाला एक याप्रमाणे पृथ्वीचा सगळा हिशेब चुकता. आणि स्पीकरमधून ऐकू काय यायला हवं? फक्त तानपुरा.