क्षमा आणि शिक्षा

आमच्या वसईकडील ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याची चाल आहे. तीन वर्षांपूर्वी महामार्गावर दारू प्यालेल्या एका ट्रकचालकाने माझ्या थोरल्या भावाला उडविले आणि न थांबता तो निघून गेला. पुढे तो पकडला गेला. खटला अद्याप चालू आहे. भावाच्या पहिल्या स्मृतिदिनी रोझरी संपताना आईने त्या ट्रकचालकासाठीही प्रार्थना केली. मी तडक उठून अंगणात गेलो. ‘म्हणजे त्याने केले ते सारे माफ?’ हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर शोधताना कॅथलिक धर्माची शिकवण मला जेवढी उमगली, तेवढी येथे मांडतो.

क्षमा करणे म्हणजे ‘जाऊ द्या, काही झाले नाही’ असे म्हणणे, हा पहिला गैरसमज. गर्दीत चुकून कोणाचा पाय लागला तर आपण ‘असू द्या’ म्हणतो. ती क्षमा नव्हे, कारण तेथे अपराधच नसतो. जेथे खरोखर अपराध घडला आहे, तेथेच क्षमेचा प्रश्न येतो. म्हणून क्षमा करणारा प्रथम अपराधाला अपराध म्हणतो.

क्षमा केली की शिक्षा टळते, हा दुसरा गैरसमज. आमच्या प्रायश्चित्त संस्कारात पापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात : मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूंपुढे पापाचे निवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई. चोराला पापक्षमा मिळाली, तरी चोरलेली वस्तू परत करण्याचे ऋण त्याच्या डोक्यावर राहतेच. राज्याच्या कायद्याने होणारी शिक्षाही क्षमेमुळे आपोआप रद्द होत नाही.

१३ मे १९८१ रोजी रोममध्ये सेंट पीटर्स चौकात मेहमेत अली अग्जा याने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून पोपनी त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते स्वतः तुरुंगात जाऊन त्याच्याशेजारी बसून बोलले. परंतु म्हणून तुरुंगाचे दार उघडले नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी देईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, अग्जा तेथील तुरुंगातच होता.

कोणी म्हणेल, पोपच ते, त्यांना हे जमणारच! पण दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. केरळातून आलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरच्या परिसरात आदिवासींमध्ये काम करीत. गरिबांना सावकारी पाशातून सोडविण्याची त्यांची खटपट काहींना खुपत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासहून अधिक वार करण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात गेली आणि राखी पौर्णिमेच्या निमित्ताने तिने त्याच्या हाताला राखी बांधली! पुढे त्याच्या सुटकेच्या अर्जाला त्या कुटुंबाने संमती दिली व २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईला भेटला, तेव्हा ज्या हातांनी लेकीचा जीव घेतला, त्या हातांचे त्या माउलीने चुंबन घेतले. २०१७ साली इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित करण्यात आले. संतपदाच्या वाटेवरील ही अलीकडची पायरी होय.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. बहिणीने क्षमा केली ती आपल्या वाट्याच्या दुःखापुरती. मेलेल्याच्या वतीने हिशेब मिटविण्याचा अधिकार कोणाला नाही; तो देवाचा. शिवाय क्षमा एकट्यानेही करता येते, समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट न पाहता. समेट मात्र एकट्याने होत नाही. त्यासाठी अपराध्यालाही चार पावले चालून यावे लागते.

आणि रागाचे काय? माझी अडचण खरी येथेच होती. राग शमल्याशिवाय क्षमा कशी करायची? परंतु धर्म भावनेची सक्ती करीत नाही. अन्यायाचा राग येणे हे मुळात पाप नव्हे. सोडायची आहे ती सूडाची इच्छा, त्या माणसाचे वाईट व्हावे ही आस. क्षमा हा मनाचा निर्धार आहे आणि तो पुनःपुन्हा करावा लागतो. मध्यंतरी मी आईला विचारले, “तुझा राग गेला?” ती म्हणाली, “नाही रे. म्हणून तर रोज प्रार्थना करते.”

खटल्याच्या प्रत्येक तारखेला मी न्यायालयात हजर असतो. त्या माणसाला शिक्षा व्हावी असे मला वाटते, आणि आईलाही वाटते. मात्र हल्ली रोझरी संपेपर्यंत मी उठत नाही. आई त्याच्यासाठी प्रार्थना करते तेव्हा माझे ओठ अजून हलत नाहीत. पण मी तेथे बसून असतो.