वसईचे संत गोन्सालो : फादर नव्हे, ब्रदर

गैरसमज : संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू होते.

वस्तुस्थिती : संत म्हटले की झगा घातलेले फादर नाहीतर बिशप डोळ्यांपुढे येतात. गोन्सालो यांना गुरुदीक्षा कधीच मिळाली नाही. १५५७च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पंधराव्या वर्षी ते जेज्विट संघाच्या मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, जपानी शिकले, वर्षानुवर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. तरी त्या संघाने त्यांना आपल्यात घेतले नाही. मग त्यांनी व्यापार केला आणि त्यात जमही बसवला. पुढे तो मागे टाकून मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही साधे ब्रदर म्हणून. मला त्यांच्या आयुष्यातले हे वळण जपानमध्ये पुढे आलेल्या हौतात्म्याइतकेच मोलाचे वाटते. ज्या कामासाठी तारुण्य वेचले तिथेच नकार मिळाला, पण मनात कडवटपणा धरून ते बसले नाहीत. नोकरीत, प्रवेशात, संस्थांमध्ये डावलल्या गेलेल्या आजच्या मुलामुलींना हा संत जवळचा वाटायला हवा.

गैरसमज : ते जपानला केवळ धर्मांतरे घडवायला गेले आणि म्हणून मारले गेले.

वस्तुस्थिती : १५९३मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा गोन्सालो त्यांचे दुभाषे होते. ही राजकीय शिष्टाई होती, हे लपवण्याचे कारण नाही. धर्मप्रसारही होताच, पण क्योटोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही चालवले. १५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. हिदेयोशीने माल जप्त केला. या मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला आणि पकडापकड झाली. राजसत्तांच्या झगड्यात बळी गेले ते निःशस्त्र लोक.

गैरसमज : हौतात्म्य पत्करणारे सगळे परदेशी मिशनरी होते, आणि त्यांना येशूप्रमाणे खिळे ठोकून मारले.

वस्तुस्थिती : गोन्सालो धरून मारल्या गेलेल्या २६ जणांपैकी २० जपानी होते, त्यांत लुदोविको इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा मुलगा. आधी डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढली, मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर जपानी रीतीप्रमाणे त्यांना क्रुसांना दोरखंडांनी व लोखंडी कड्यांनी जखडून भाल्यांनी भोसकले.

गैरसमज : भारताच्या पहिल्या संत म्हणजे सिस्टर अल्फोन्सा.

वस्तुस्थिती : २००८मध्ये संतपद मिळालेल्या अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री-संत. भारतात जन्मलेले गोन्सालो त्यांच्या कितीतरी आधी, ८ जून १८६२ रोजी संत घोषित झाले.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना एक विनंती आहे. फेब्रुवारीत गोन्सालो यांचा सण येतो, तेव्हा मुलांना क्रूस आणि भाले जरूर सांगा. पण त्याआधी नाकारला गेलेला तो धर्मशिक्षक, परकी भाषा मन लावून शिकणारा तो दुभाषा, यांच्याविषयी अर्धा तास तरी बोला.